ओर्दू म्हणजे मुळात लष्कर नव्हे

भीमाकाठ

‘उर्दू हा तुर्की शब्द. त्याचा अर्थ लष्कर. म्हणून उर्दू म्हणजे लष्कराच्या छावणीत जन्मलेली भाषा.’ ही तीन वाक्यं आपल्याकडे इतक्यांदा लिहिली-बोलली जातात की त्यांना कुणी हातच लावत नाही. पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं आजच्या तुर्कस्तानात बरोबर आहे. तिसरं मात्र दुसऱ्याच्या आधारावर उभं आहे आणि तो आधार त्या काळाचा नाही. मूळ शब्द ‘ओर्दू’. त्याच्या मागावर जितकं जुन्यात जावं तितके सैनिक मागे पडतात. पुढे येतात राजाची आई, राण्या, सुना आणि चुली. बरीच वर्षं या शब्दाच्या मागे आहे, म्हणून सगळं एका ठिकाणी मांडतो.

मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात ग्योकतुर्क राजांचे शिलालेख आहेत. क्युल तेगिन या राजपुत्राचा स्तंभ इ.स. ७३२ चा, त्याचा भाऊ बिल्गे कागान (कागान म्हणजे सम्राट) याचा ७३५ चा. तुर्की भाषेतल्या सर्वांत जुन्या सलग लेखनात यांची गणना होते. १८८९ साली यादरिन्त्सेव या रशियन संशोधकाने ते जगापुढे आणले आणि १८९३ मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म थॉमसेन यांनी ती लिपी उलगडली. क्युल तेगिनच्या स्तंभावर बिल्गे कागान आपल्या गेलेल्या भावाचे पराक्रम सांगतो. त्यातला एक प्रसंग असा: वसंतात आम्ही ओगुझ टोळ्यांवर सैन्य काढलं, घर सांभाळायला क्युल तेगिनला मागे ठेवलं. ओगुझ शत्रू ओर्दूवर चालून आले. क्युल तेगिन पांढऱ्या घोड्यावर स्वार झाला, त्याने नऊ जणांना भोसकलं आणि ओर्दू शत्रूच्या हाती जाऊ दिली नाही.

इथे सैन्यासाठी शब्द आहे ‘सू’. ओर्दू वेगळी. सू मोहिमेवर गेली आहे आणि ओर्दू मागे राहिली आहे. लगेच पुढे कागान म्हणतो की क्युल तेगिन नसता तर माझी आई खातून (म्हणजे राणी), सावत्र आया, वडीलधाऱ्या बायका, सुना, राजकन्या, यांतल्या ज्या जगल्या असत्या त्या बटकी झाल्या असत्या आणि ज्या मेल्या असत्या त्या वाटेवर पडून राहिल्या असत्या. ओर्दूत कोण राहत होतं हे यापेक्षा स्पष्ट कुणी काय सांगणार? एकाच दगडावर, लागून आलेल्या ओळींत, दोन वेगळ्या गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. माझ्या दृष्टीने या सगळ्या वादातला सर्वांत भक्कम पुरावा हाच आहे, आणि तो तेराशे वर्षं उघड्यावर उभा आहे.

पुढे उइगुर राजांनी त्याच खोऱ्यात तटबंदीची राजधानी वसवली. तिचं नाव ओर्दू बालिक, बालिक म्हणजे शहर. ८४० मध्ये किर्गिझांनी ती उद्ध्वस्त केली. अकराव्या शतकात महमूद काशगरीने बगदादेत तुर्की शब्दांचा अरबी कोश रचला. त्यात ओर्दूचा अर्थ राजाचं निवासस्थान असाच दिला आहे, आणि राजे राहतात म्हणून काशगर शहराला ‘ओर्दू केंद’ म्हणतात असंही त्याने नोंदवलंय. म्हणजे ओर्दू फिरतीच असली पाहिजे असंही नाही. राजा जिथे राहतो ती ओर्दू, मग तंबू असो की तट. उत्तर चीनवर राज्य करणाऱ्या खितान सम्राटांकडे तर प्रत्येक सम्राटाची स्वतःची ओर्दो असे, तिची स्वतःची माणसं, कुटुंबं, रक्षक; सम्राट गेला तरी ती मोडत नसे.

मंगोलांनी शब्द उचलला तो याच अर्थाने. चंगेजखानाच्या चार मोठ्या ओर्दो होत्या आणि त्या चार राण्यांच्या नावावर होत्या: बोर्ते, खुलान, येसुई आणि येसुगेन. प्रत्येकीचा स्वतंत्र संसार, स्वतंत्र जनावरं, स्वतंत्र नोकरचाकर. १२५३ साली निघालेला विल्यम रुब्रुक हा ख्रिस्ती साधू चंगेजचा नातू बातूखान याच्या तळावर पोचला तेव्हा दूरवर पसरलेलं एखादं मोठं शहर पाहिल्यासारखं त्याला वाटलं. तो लिहितो की बातूला सव्वीस बायका, प्रत्येकीचं मोठं घर, आणि प्रत्येक घराबरोबर दोनशेच्या आसपास गाडे. घर उचलून गाड्यावर ठेवत. अशा एका गाड्याला त्याने बावीस बैल मोजले, आणि गाड्यावरच्या घराच्या दारात उभा राहून एक माणूस ते हाकत होता. ओर्दा शब्दाचा अर्थ तो ‘मध्य’ असा देतो, कारण खान नेहमी आपल्या लोकांच्या मधोमध उतरतो. तुर्कीत ‘ओर्ता’ म्हणजे मध्य. दोन्ही शब्द एकाच मुळाचे की नाहीत यावर भाषातज्ज्ञांचं एकमत नाही, पण तळावरचे लोक त्या शब्दाकडे कसे पाहत होते ते यातून कळतं.

आणि इब्न बतूता! १३३० च्या दशकात उझबेगखानाची स्वारी येताना त्याने पाहिली. त्याच्या वर्णनात चालतं शहर आहे, त्यात मशिदी आणि बाजार आहेत, आणि चालता चालताच स्वयंपाक होत असल्यामुळे हवेत चुलींचा धूर आहे. याला हे लोक उर्दू म्हणतात, असं तो स्वतः लिहितो. मग तो एकेका खातूनच्या भेटीला जातो. त्यातली एक बायझंटाइन सम्राटाची मुलगी. तलवारी-भाले त्या वर्णनात जवळजवळ नाहीतच.

रशियनांनी बातू-उझबेगच्या या सत्तेला नुसतं ‘ओर्दा’ म्हटलं. त्यांच्या राजपुत्रांना राज्याची सनद घ्यायला तिथे जावं लागे. मॉस्कोतला ओर्दिन्का रस्ता त्या वाटेची आठवण आहे. ‘सोनेरी ओर्दा’ हे आज प्रचलित असलेलं नाव मात्र ती सत्ता संपल्यानंतर, सोळाव्या शतकात, रशियन लेखनात रुळलं.

हिंदुस्थानात हा शब्द मोगलांच्या काळात दरबारी फारसीतून पक्का झाला. बादशहाचा मुक्काम म्हणजे उर्दू. शहाजहानने १६३९ नंतर दिल्लीला नवं शहर आणि किल्ला बांधला, तेव्हा त्या मुक्कामाला ‘उर्दू-ए-मुअल्ला’ म्हणजे श्रेष्ठ, थोर ओर्दू म्हणू लागले. लाल दगडाचा किल्ला आणि त्याभोवतीचं शहाजहानाबाद म्हणजे एका जागी थांबलेली ओर्दूच. तिथली भाषा ती ‘जबान-ए-उर्दू-ए-मुअल्ला’. पुढे बोलण्याच्या ओघात आधीचे-नंतरचे शब्द गळाले आणि भाषेचं नाव राहिलं उर्दू.

महाराष्ट्राचा या शब्दाशी संबंध केवळ भाषेपुरता नाही. खरीखुरी ओर्दू आपल्या मातीवर पंचवीस वर्षं हिंडत होती. औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेकडे निघाला तो परत गेला नाही. १६९५ पासून १६९९ पर्यंत त्याचा मुख्य तळ मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला होता. त्याने गावाचं नाव बदलून इस्लामपुरी ठेवलं होतं. माचणूरचा किल्ला त्याच तळाचा. समोरच्या बेगमपूरचं नाव उघडच ‘बेगम’वरून आलेलं, आणि बेगमही तुर्कीच. त्याच १६९५ साली जेमेल्ली करेरी हा इटालियन प्रवासी गलगल्याच्या तळावर बादशहाला भेटला. त्या छावणीचा घेर तीस मैल आणि आत अडीचशे बाजार, असं त्याने लिहून ठेवलंय.

या ओर्दूत आपले शाहू महाराज वाढले. १६८९ मध्ये रायगड पडला, येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या हाती लागले. तेव्हापासून औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये सुटका होईपर्यंत शाहूंचा मुक्काम बादशहाच्या तंबूंपाशी, ‘गुलालबार’ या लाल कनातींच्या आवारात होता. बादशहाची मुलगी जिनतउन्निसा त्यांची काळजी घेत असे. मराठ्यांच्या छत्रपतींचं बालपण आणि तारुण्य ओर्दूच्या अगदी गाभ्यात गेलं. ती नुसती लढणाऱ्यांची छावणी असती तर एका कैदी कुटुंबाला तिथे अठरा वर्षं संसार करता आला असता का?

इथे भाषेचे, इतिहासाचे जाणकार बरेच आहेत. प्रत्येकाने आपल्याकडचं घालावं अशी विनंती.


रानवाटा

फार सुंदर धागा. वाचनखूण साठवली.

एक शंका. इंग्रजीत टोळधाडीसारख्या रानटी टोळ्यांना ‘होर्ड’ म्हणतात, तो हाच शब्द ना? मग त्याच्यापुढे ‘ह’ कुठून आला? आणि लॅटिनमध्ये ‘ओर्दो’ म्हणजे रांग, क्रम असा शब्द आहे, इंग्रजी ‘ऑर्डर’ त्यातूनच आला. सैन्यात रांगा असतात, त्यामुळे मला आजवर दोन्ही एकच वाटायचे.


भीमाकाठ

लॅटिन ओर्दोशी काही नातं नाही, रानवाटा. ध्वनी जुळले एवढंच. तो शब्द लॅटिनच्या घरचा, हा गवताळ मैदानांचा.

‘होर्ड’ मात्र हाच. रशियनमध्ये तो ‘ओर्दा’च राहिला, इटालियनमध्येही ‘ओर्दा’. पोलिश भाषेत ‘होर्दा’ झाला आणि पश्चिम युरोपभर पसरला तो या ह-सकट. इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या मध्यापासून सापडतो. तेव्हाही अर्थ तातारांचा तळ, तातारांची टोळी असा मर्यादित होता. पुढे कुठल्याही बेशिस्त झुंडीला लावू लागले. ज्या शब्दात राजाच्या घराची व्यवस्था होती, त्याचा अर्थ अव्यवस्था असा झाला. ज्यांच्या दारात ती ओर्दू येऊन थडकली त्यांनी शब्दाचा अर्थ ठरवला, आतल्यांना कुणी विचारलं नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण आजही मध्य आशियाच्या इतिहासाकडे जग त्याच ‘झुंडी’च्या चष्म्यातून बघतं.


तांबडी माती

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण निष्कर्ष मला पटला नाही. मराठीत तुर्कीतून आलेले शब्द बघा. तोप, तोपची, कुमक, बहादूर, चकमक. चकमकीचा दगडही तुर्की आणि चकमक उडणंही. सगळं लढाईचं. शब्द आणणारे शिपाईगडी होते हे यावरून दिसतंच की. मग ओर्दूचा अर्थ लष्कर घेतला तर बिघडलं कुठे? बादशहाच्या तळावर लाखाची फौज असायची हे आपणही नाकारणार नाही.


भीमाकाठ

तांबडी माती, फौज असायचीच. ती नाकारत नाही. राजा जिथे, तिथे त्याची फौज. माझं म्हणणं इतकंच की ओर्दू हे नाव फौजेचं नव्हतं, राजाच्या मुक्कामाचं होतं. फौज त्या मुक्कामाच्या आत यायची.

शब्दांची यादी आपण अर्धीच दिलीत. उरलेली अशी: कैची, बावर्ची, खातून, खानम, बेगम. कैची सरळ तुर्की. बावर्ची मंगोलांकडून आलेला, आणि मंगोल दरबारात तो फार मानाचा हुद्दा होता, कारण खानाचं अन्न ज्याच्या हाती त्याच्यावर सर्वांत जास्त भरवसा. दरोगा आणि नोकर हेही मंगोलांकडचे. नोकर म्हणजे तिकडे चाकर नव्हे. सरदाराचा स्वखुशीचा साथीदार. ‘कुमक’सुद्धा मुळात नुसती मदत. आपल्या बखरींत ती फौजेची मदत म्हणून आली, म्हणून कानाला लष्करी वाटते.

आता अर्थ बदलला कसा, तेही सांगतो, कारण तो खरोखरच बदलला. तुर्कस्तानचा उस्मानी (ऑटोमन) सुलतान मोहिमेवर निघाला की त्याचा सगळा मुक्काम, वजीर, दफ्तरं, खजिना घेऊन निघे. त्याला ‘ओर्दू-यू हुमायून’ म्हणजे शाही ओर्दू म्हणत. सुलतान मोहिमांवर जायचे बंद झाले, वजीर जाऊ लागले, तरी नाव तेच चाललं. मुक्कामातून सुलतान वजा झाला आणि उरलं सैन्य. १८४३ मध्ये उस्मानी लष्कराची नवी रचना झाली, तेव्हा पाच विभागांना पाच ‘ओर्दू’ म्हटलं गेलं. आजच्या तुर्कीतला अर्थ या वाटेने आला. तो अर्थ उचलून शहाजहानच्या दिल्लीला लावणं म्हणजे कालक्रम उलटा करणं.


निळी शाई

माझी भाची कझाकस्तानात वैद्यकीय शिक्षण घेते आहे. तिच्यामुळे मला हा शब्द माहीत. अस्तानामध्ये राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान आणि कार्यालय आहे त्याचं नाव ‘अक ओर्दा’, पांढरी ओर्दा. निळा घुमट असलेली ती इमारत तिच्या फोटोंत बघितली. २००४ मध्ये तिचं उद्घाटन झालं. देशाच्या दक्षिणेत किझिलओर्दा नावाचं शहर आहे, त्याचा अर्थ लाल ओर्दा. सोव्हिएत काळात १९२५ मध्ये हे नाव दिलं. आणि रशियन क्रांतीच्या धामधुमीत १९१७ ते १९२० कझाक नेत्यांनी स्वतःचं सरकार चालवलं त्याचं नाव ‘अलाश ओर्दा’.

म्हणजे भीमाकाठ म्हणतात तोच अर्थ, राज्यकर्त्याचं ठाणं, तिथे आजही जिवंत आहे. लष्कराशी यातल्या एकाचाही संबंध नाही.


जुनी वही

पुण्यात शिकायला येणाऱ्या इराणी मुलांशी माझी कामानिमित्त ओळख होत असते. त्यांच्या फारसीत ‘ओर्दू’ म्हणजे शाळेची सहल, मुलांचं शिबिर. ‘उद्या मुलं ओर्दूला जाणार आहेत’ असं अगदी सहज बोलतात. छावणीला ओर्दूगाह म्हणतात, त्यात कैद्यांची छावणीही आली आणि निर्वासितांचीही. एकत्र मुक्काम, एकत्र चूल, हा भाग फारसीने टिकवला; राजा तेवढा गेला.


गोदावरी

+१. प्रतिसादही धाग्याइतकेच चांगले येत आहेत.


मराठवाडी

‘छावणीत जन्मलेली भाषा’ याबद्दल आमच्याकडून थोडं. शहाजहानाबाद वसण्याच्या आधीच दक्षिणेत या भाषेत उत्तम काव्य होतं. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाचा ‘किताब-ए-नवरस’, गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशहाचा दीवान म्हणजे काव्यसंग्रह. कुली कुतुबशहा १६१२ मध्ये वारला. दिल्लीच्या किल्ल्याची पहिली वीट पडायला अजून सत्तावीस वर्षं होती. या लोकांनी आपल्या भाषेला उर्दू म्हटलंच नाही. ती दखनी, हिंदवी. नंतर रेख्ता. औरंगाबादच्या वलीचा दीवान १७२० च्या सुमारास दिल्लीत पोचला आणि फारसीत लिहिणाऱ्या तिथल्या शायरांनी आपल्या बोलीत लिहिण्याचा धीर केला, हे तर उर्दूचे सगळेच इतिहासकार मान्य करतात.

ज्या भाषेत दोन सुलतान स्वतः कविता करत होते, ती शिपायांनी बाजारात भाजी घेताना जुळवली, असं म्हणणं अन्यायाचं आहे. आमच्या गल्लीत आजही दखनी बोलतात, ‘मेरेकू’, ‘नक्को’ म्हणतात. ‘नको’ तर सरळ मराठीतून घेतलेला. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत शब्द असे जातात. त्याला फौज लागत नाही.


शब्दवेल्हाळ

मराठवाडी यांना पूर्ण अनुमोदन. व्याकरणाकडून पाहिलं तरी तेच. उर्दूची क्रियापदं, सर्वनामं, प्रत्यय सगळे दिल्ली-मेरठकडच्या खडी बोलीचे. त्या बोलीची वंशावळ शौरसेनी अपभ्रंशाकडे जाते. फारसी-अरबी शब्द पुष्कळ आले, तुर्की त्या मानाने थोडे. पण चार भाषांचे शिपाई एकत्र बसले आणि त्यांनी नवी भाषा जुळवली, असं कुठल्याही भाषेच्या व्याकरणाचं होत नाही.

शम्सुर्रहमान फारुकी यांनी यावर फार बारकाईने लिहिलंय. त्यांच्या मते अठराव्या शतकात ‘उर्दू’ म्हणजे दिल्ली शहर, शहाजहानाबाद. ‘उर्दूची भाषा’ म्हणजे दिल्लीची भाषा. भाषेचं नाव म्हणून नुसता ‘उर्दू’ शब्द मुसहफी या शायराकडे अठराव्या शतकाच्या अखेरीला दिसू लागतो.

मग छावणीची गोष्ट रुजली कुठून? कलकत्त्याला १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज निघालं, कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवायला. तिथे मीर अम्मन यांनी ‘बाग-ओ-बहार’ लिहिलं. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी भाषेचा उगम सांगितला: निरनिराळ्या मुलखांचे लोक अकबराच्या आश्रयाला जमले, देवघेव करताना त्यांची एक बोली ठरली, शहरातला बाजार उर्दू म्हणवू लागला. हे पुस्तक इंग्रज अधिकाऱ्यांच्या अभ्यासाला पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. तिथून इंग्रजी ग्रंथांत, ग्रंथांतून शाळेच्या पुस्तकांत. मीर अम्मन यांनीसुद्धा लष्कराचा बाजार शहरात आला एवढंच म्हटलंय, भाषा बराकीत जन्मली असं नाही. बाजारातून बराकीत ही गोष्ट नंतरच्यांनी नेली.


तांबडी माती

मराठवाडी आणि शब्दवेल्हाळ यांचे प्रतिसाद वाचले. भाषेपुरता मुद्दा मान्य, खडी बोलीचं व्याकरण नाकारण्यात अर्थ नाही. पण ओर्दू शब्दात घराचा अर्थ मोगलांपर्यंत टिकला होता, यासाठी हिंदुस्थानातला काही पुरावा द्या. ओर्खोनचा स्तंभ आणि अकबर यांच्यात साडेआठशे वर्षांचं अंतर आहे. तेवढ्या काळात शब्दाचा अर्थ बदलला नसेल कशावरून?


भीमाकाठ

प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे त्याला एक उत्तर आहे आणि ते मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं.

मोगल जनान्याच्या आत पहारा देणाऱ्या सशस्त्र स्त्रिया होत्या. तातार, तुर्क, हबशी बायका. धनुष्य, भाले चालवणाऱ्या. जनान्याच्या आत भरवशाच्या स्त्रियांचा पहारा असे, हे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहिलंय, बाहेर खोजे, त्यांच्या पलीकडे राजपूत. या पहारेकरी स्त्रियांना म्हणत ‘उर्दूबेगी’. आता या शब्दात उर्दूचा अर्थ लष्कर लावून बघा. लष्कराची सरदारीण? त्या लष्करात नव्हत्या, लढाईवर जात नव्हत्या. त्यांचं काम राण्यांच्या दालनांपुरतं. इथे उर्दू म्हणजे बादशहाचा अंतःपुरासकट मुक्काम, क्युल तेगिनने नऊ जणांना भोसकून वाचवला तोच.

त्याच ‘आईन’मध्ये बादशहाच्या प्रवासातल्या तळाची मांडणी दिली आहे. मधोमध गुलालबार, आत जनाना, मग दिवाण, कारखाने, आणि बाजार. रुब्रुकने ‘मध्य’ म्हटलं होतं ते इथे जसंच्या तसं दिसतं. अंतर साडेआठशे वर्षांचं आहे खरं, पण मधल्या काळात साखळी कुठे तुटलेली नाही. काशगरी आहे, चंगेजच्या राण्या आहेत, इब्न बतूता आहे, आणि बाबर तर स्वतः तैमूर आणि चंगेज दोघांच्या वंशातला, आत्मचरित्र तुर्कीतच लिहिणारा.


तांबडी माती

उर्दूबेगी माहीत नव्हतं. हा पुरावा वजनदार आहे. अर्थ मुक्कामाचा होता हे मान्य करतो. मात्र सामान्य रयतेला त्या मुक्कामाचा अनुभव लष्कराचाच येत असणार. भीमेकाठच्या शेतकऱ्याला गुलालबार कुठून दिसणार? त्याला दिसलं ते चारा-दाणा उचलून नेणारं दळ.


भीमाकाठ

हे मी शंभर टक्के मानतो. तीस मैलांच्या घेराचा तळ चार वर्षं एका खोऱ्यात बसला की त्या खोऱ्याचं काय होतं, हे सांगायला वेगळा धागा लागेल. झाडं, गवत, विहिरी, सगळंच. पोलिश आणि रशियन शेतकऱ्यालाही ओर्दा अशीच दिसली. म्हणून तर तिकडे त्या शब्दाचा तसा अर्थ झाला.


पाषाणभेद

चीनच्या अंतर्गत मंगोलियात ओर्दोस नावाचा मोठा प्रदेश आहे, पिवळ्या नदीच्या वळणातला. तो याच शब्दावरून का?


भीमाकाठ

हो. ओर्दोस हे मंगोल भाषेतलं अनेकवचन, ‘ओर्दो’चं. चंगेजखानाच्या आणि त्याच्या राण्यांच्या स्मरणार्थ पांढरे तंबू राखले गेले, त्यांना ‘आठ पांढरे तंबू’ म्हणतात. त्यांची पूजाअर्चा करणारे दारखाद लोक पिढीजात त्याच कामाला वाहिलेले. या ओर्दोंवरून तिथल्या लोकांचं आणि प्रदेशाचं नाव पडलं. तिथे आता बांधलेलं स्मारक आहे, चंगेजचा देह मात्र तिथे नाही. खितानांकडे सम्राटाच्या मागेही ओर्दो चालू राहायची असं वर लिहिलंय, त्याच चालीतलं हे दुसरं उदाहरण.


नाणेघाट

मी मोगल नाणी जमवतो, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. अकबराच्या काही नाण्यांवर टांकसाळीचं नाव ‘उर्दू जफर करीन’ असं येतं. जफर करीन म्हणजे विजयाची सोबत असलेली. म्हणजे ‘विजयी उर्दू’ ही टांकसाळ. एरवी नाण्यावर आग्रा, लाहोर, अहमदाबाद अशी गावांची नावं असतात. बादशहाबरोबर टांकसाळही चालायची, म्हणून गावाच्या जागी उर्दू.

यावरून मला भीमाकाठ यांचंच म्हणणं खरं वाटतं. नाणं पाडण्याचा हक्क राजाचा. सेनापती कितीही मोठी फौज घेऊन गेला तरी त्याच्या तळावर बादशहाचं नाणं पाडण्याची ही टांकसाळ बसत नसे. ती बादशहाच्या मुक्कामाबरोबरच जायची, आणि तिचं नाव उर्दू.


भीमाकाठ

नाणेघाट, फार मोलाची भर घातलीत. या नाण्यांतल्या बऱ्याचशांवर ‘अलफ’ म्हणजे हिजरी १००० असं वर्ष अक्षरांत असतं, ते आपल्या संग्रहात आहे का? असल्यास दोन्ही बाजूंचे फोटो इथे चढवा. अक्षरं वाचून कुठली ओळ कुठे ते मी प्रतिसादात लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही ‘उर्दू’ हा शब्द धातूवर कोरलेला बघता येईल.


नाणेघाट

चांदीचा चौकोनी रुपया आहे, अलफ स्पष्ट वाचता येतो. रविवारी उजेडात फोटो काढून टाकतो.